झांकली मूठ

'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्यानें प्रथम काढली, तो मोठा व्यवहारी मनुष्य असला पाहिजे. मुठींत कांहीं नसलें, तरी जोंपर्यंत ती मिटलेली आहे तोंपर्यंत पाहणारा तिची किंमत वाढवीतच राहतो, हें मनुष्यस्वभावाचें मर्म त्यानें चार शब्दांत सांगून ठेविलें. आपल्या मध्यम स्थितीच्या सुशिक्षित घरांनीं तर या म्हणीच्या आधारावर पिढ्यान् पिढ्या संसार केले आहेत. घरांतलें भांडण शेजाऱ्याला कळूं द्यायचें नाहीं, कर्ज सोयऱ्याला कळूं द्यायचें नाहीं, मुलगा नापास झाला तर तें त्याच्या आत्याला कळूं द्यायचें नाहीं, आणि मुलीचें मोडलेलें लग्न तर भिंतीलाही कळूं द्यायचें नाहीं. अशा झांकण्यानें पुष्कळ घरांची अब्रू वांचली आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु जगांत असाही एक व्यवहार आहे, कीं जेथें मिटलेल्या मुठीची किंमत सव्वा लाख नसून शून्याहूनही खालीं असते. त्या व्यवहाराची ओळख मला गेल्या वर्षीं अमेरिकेंत, माझ्या बहिणीच्या घरीं झाली. ती वाचकांपुढें, आणि विशेषतः ज्यांचीं मुलें परदेशांत वाढत आहेत अशा आईबापांपुढें मांडावी असें वाटलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी धाकटी बहीण व तिचे यजमान यांना मेरीलंड राज्यांत राहूं लागून तीस वर्षें होत आलीं. त्यांचा एकुलता एक मुलगा तेथेंच जन्मला, म्हणून जन्मानेंच तो त्या देशाचा नागरिक. कोलोराडोंतील एका विद्यापीठाची संगणकशास्त्राची पदवी घेऊन तो बाहेर पडला, तीन वर्षें इकडे तिकडे उमेदवारी केली, आणि गेल्या वर्षीं एका कंपनीनें त्याला मनाजोगती जागा देऊं केली. कंपनी अमेरिकेच्या संरक्षणखात्याचीं कामें करणारी. त्यामुळें जागेला एक अट होती. उमेदवाराला सरकारकडून 'सिक्युरिटी क्लीअरन्स' मिळाला पाहिजे. राष्ट्राच्या गुप्त कागदपत्रांना हात लावण्यास अमुक मनुष्य पात्र आहे, असा सरकारनें चौकशीअंतीं दिलेला निर्वाळा म्हणजे हा क्लीअरन्स. 'कॉन्फिडेन्शिअल', 'सीक्रेट' व 'टॉप सीक्रेट' अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. कागद जितका नाजूक, तितकी चौकशी कसून. आमच्या भाच्याची जागा शेवटच्या पायरीची होती.

त्यासाठीं त्याच्या पुढ्यांत जो अर्ज आला, त्याला 'स्टँडर्ड फॉर्म ८६' म्हणतात. शंभराहून अधिक पानांचा तो अर्ज पाहून मला प्रथम हंसूं आलें. लग्न जमवितांना आपल्याकडे सात पिढ्यांची चौकशी होते असें म्हणतात. पण त्या चौकशीलाही लाजवील असा हा कागद! कोठें कोठें राहिलास, तेथें तुला ओळखणारा कोण, कोणाकोणाची चाकरी केलीस, कर्ज किती थकविलेंस, परदेशीं कधीं गेलास, आणि परदेशीयांपैकीं कोणाशीं तुझा जिव्हाळ्याचा संबंध आहे, हें सारें तपशीलवार लिहावयाचें. या शेवटच्या सदराखालीं माझेंही नांव गेलें. सदाशिव पेठेंतील आमच्या दोन खोल्या अमेरिकन सरकारच्या दप्तरीं नोंदल्या गेल्या, याची मला तेव्हां मोठी मौज वाटली.

परंतु ही मौज फार वेळ टिकली नाहीं. अर्ज भरतां भरतां भाचा तेविसाव्या सदरापाशीं येऊन थांबला. गेल्या सात वर्षांत मादक पदार्थांचें बेकायदा सेवन केलें आहे काय, असा तेथें प्रश्न होता. आणि त्याचें खरें उत्तर 'होय' असें होतें. विद्यापीठांत असतांना मित्रमंडळींत बसून त्यानें कांहीं वेळां गांजा ओढला होता. शेवटचा प्रसंग पदवीच्या आधींचा, म्हणजे तीन वर्षांहून थोडा जुना. ही गोष्ट त्यानें प्रथम वडिलांस सांगितली, कारण अर्जाचे कागद तेच जुळवून देत होते. वडील स्वभावानें सरळ व सज्जन. उभ्या आयुष्यांत एका पैचा कर त्यांनीं चुकविला नसेल. पण पुत्राच्या भवितव्याचा प्रश्न आला तेव्हां त्यांच्याही तोंडून आपल्या घरांचें जुनें शहाणपणच बाहेर पडलें.

"'नाहीं' म्हणून लिही," ते म्हणाले. "कोणीं पाहिलें आहे? आणि कोलोराडोंत तर तो दुकानांत पावती देऊन विकतात. मग बेकायदा कसा? अक्का, तुम्हीच सांगा त्याला!"

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तूं बाबांना सांग."

असा दोन्हीं बाजूंनीं माझ्यावर न्यायाधीशपणा आला, तेव्हां निकाल देण्यापूर्वीं कायदा तरी समजून घ्यावा म्हणून मी त्या मुलाबरोबर चार रात्री बसलें. त्यांतून जें कळलें, तें असें.

वडिलांच्या युक्तिवादांतील दुसरा भाग आधीं घेऊं. कोलोराडो व वॉशिंग्टन या दोन राज्यांनीं २०१२ सालीं मतदान करून प्रौढ माणसांस गांजा बाळगण्याची मुभा दिली, हें खरें. त्यानंतर इतर पुष्कळ राज्यांनीं त्यांचें अनुकरण केलें. परंतु अमेरिकेंत राज्याचा कायदा निराळा आणि केंद्राचा निराळा. केंद्राच्या १९७० सालच्या कायद्यानें गांजाला हेरॉइनच्या पंक्तीस, म्हणजे सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गांत बसविलें. तो तिसऱ्या वर्गांत आणावा, असा प्रस्ताव केंद्र सरकारनें २०२४ सालीं मांडला; पण वर्ग बदलल्यानें केवळ मौजेखातर केलेलें सेवन केंद्राच्या दृष्टीनें निर्दोष ठरत नाहीं. क्लीअरन्स देणारें सरकार केंद्राचें. अर्जाच्या त्या सदरांतच स्पष्ट लिहिलें आहे, कीं हा प्रश्न केंद्राच्या कायद्यास अनुसरून आहे, मग राज्याच्या कायद्यानें तें सेवन चालत असो वा नसो. तेव्हां दुकानाची पावती येथें कामास येत नाहीं.

त्याच सदरांत आणखी एक वाक्य आहे, आणि त्यानें मला विचार करावयास लावलें. येथें दिलेलें खरें उत्तर, किंवा त्यावरून मिळालेली माहिती, पुढें कोणत्याही फौजदारी खटल्यांत तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीं, असें सरकार आधींच वचन देतें. ज्या कृत्याला कायदा गुन्हा म्हणतो, त्याचीच कबुली मागतांना सरकार 'भिऊं नकोस' असें म्हणतें! मग सरकारला येथें पाहिजे आहे तरी काय?

याचें उत्तर त्या पात्रतेच्या नियमांत मिळालें. जून २०१७ पासून लागू झालेल्या या नियमांत तेरा कलमें आहेत. आठवें कलम मादक पदार्थांविषयीं. गांजा ओढणें हा दोष आहे, असें तें कलम निःसंशय सांगतें; कारण ज्याला अडचणीचा वाटणारा कायदा पाळवत नाहीं, त्याला गुप्ततेचे नियम तरी पाळवतील काय, अशी शंका येते. पण दोष सांगून झाल्यावर तो कशानें सौम्य होतो, हेंही तेंच कलम सांगतें. गोष्ट जुनी असावी, क्वचित् घडलेली असावी, पुन्हा घडण्याचा संभव नसावा. त्या संगतींतून व त्या जागेंतून मनुष्य बाहेर पडलेला असावा. आणि 'पुढें कधीं सेवन केलें तर माझी पात्रता काढून घ्यावी' असें त्यानें सही करून लिहून द्यावें. शेवटीं एकट्या दोषावरून निकाल न देतां सबंध मनुष्य तोलून पाहावा, असा तेथील दंडक आहे. डिसेंबर २०२१ मध्यें त्या देशाच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता विभागाच्या तेव्हांच्या संचालिका अ‍ॅव्हरिल हेन्स यांनीं सर्व खात्यांस एक खुलासा पाठविला. पूर्वीं केलेलें गांजाचें सेवन विचारांत घेण्याजोगें आहे, परंतु तेवढ्यावरच निर्णय ठरूं नये, असा त्याचा आशय होता. मात्र अर्जावर सही करण्याच्या दिवसापासून तरी उमेदवारानें त्या वाटेस जाऊं नये, असें त्याला बजावून सांगावें, ही सूचनाही त्यांत होती.

यावरून तेथें सर्व कांहीं माफ आहे, असा समज कोणीं करून घेऊं नये. जो आजही सेवन करीत आहे, त्याला क्लीअरन्स देण्यास १९०० सालचा नव्हे, तर अगदीं अलीकडचा, २००८ सालचा कायदा स्पष्ट मनाई करतो. आणि एकदां क्लीअरन्स हातीं आल्यावर ज्यानें सेवन केलें, त्याच्याकडे फार निराळ्या नजरेनें पाहतात. त्याला सात वर्षांची मर्यादाही नाहीं, 'कधींही केलें काय?' असाच तो प्रश्न आहे. विश्वास मिळण्यापूर्वीं झालेलें स्खलन आणि विश्वास घेऊन केलेला भंग, या दोहोंत केलेला हा भेद मला फार योग्य वाटला.

आतां वडिलांच्या युक्तिवादाचा पहिला भाग. 'कोणीं पाहिलें आहे?' या प्रश्नाचें साधें उत्तर असें, कीं ज्यांच्याबरोबर ओढला त्यांनीं पाहिलें आहे. आणि टॉप सीक्रेटच्या चौकशींत तपासणी अधिकारी शेजारी, सहकारी व जुने मित्र यांना गांठून विचारपूस करतात. पण याहून खोल उत्तर नियमांच्या पांचव्या कलमांत आहे. तें कलम वैयक्तिक वर्तनाविषयीं आहे, आणि अर्जांत जाणूनबुजून खोटें लिहिणें किंवा महत्त्वाची गोष्ट गाळणें हा त्यांतला ठळक दोष. शिवाय केंद्र सरकारपुढें असें खोटें निवेदन करणें हा पांच वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे जें खरें सांगितलें असतां खटल्यांत वापरणार नाहीं असें सरकार म्हणतें, तेंच लपविलें असतां मनुष्य तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊं शकतो.

कंत्राटदार कंपन्यांच्या नोकरांचीं अशीं वादग्रस्त प्रकरणें संरक्षणखात्याच्या एका अपील-कचेरीपुढें चालतात, आणि तेथील निकाल नांवें गाळून प्रसिद्ध होतात. भाच्यानें मला त्यांतले कांहीं वाचावयास दिले. एक गोष्ट त्यांत पुनःपुन्हां दिसते. न्यायाधीश आठव्या कलमाखालीं म्हणतात, कीं गांजाचा दोष जुना आहे, तो धुऊन निघाला; आणि लगेच पांचव्या कलमाखालीं म्हणतात, कीं अर्जांत 'नाहीं' लिहिलें तो दोष मात्र धुऊन निघाला नाहीं; सबब पात्रता नाकारली आहे. गांजानें जें बिघडलें नसतें, तें त्या दोन अक्षरांनीं बिघडविलें.

असें कां असावें? कारण सरकारला भीति धुराची नाहीं, लपविण्याची आहे. ज्याच्या पोटांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती बाहेर पडूं नये म्हणून जो कांहींही देण्यास तयार होईल, त्याच्या मानेवर शत्रूला हात ठेवतां येतो. उलट ज्याची गोष्ट बायकोला, आईबापांना, वरिष्ठांना आधींच ठाऊक आहे, त्याला धाक कशाचा घालणार? म्हणून दोषामुळें दबावाखालीं येण्याचा संभव मनुष्यानें स्वतः होऊन दूर केला असेल, तर ती गोष्ट त्याच्या बाजूनें धरावी, असेंही पांचवें कलम सांगतें. उघडी मूठ कोणालाही पिरगळतां येत नाहीं, हाच त्याचा अर्थ.

सार्वजनिक जीवनांतही हें दिसून आलें आहे. १९८७ सालीं डग्लस गिन्सबर्ग यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हावयाची होती. पूर्वीं गांजा ओढल्याची गोष्ट बाहेर येतांच त्यांना माघार घ्यावी लागली. पण १९९१ सालीं क्लॅरेन्स थॉमस यांनीं विद्यार्थिदशेंत गांजा घेतल्याचें मान्य केलें, आणि त्या कारणानें त्यांचें न्यायासन अडलें नाहीं. १९९२ च्या निवडणुकींत बिल क्लिंटन यांनीं इंग्लंडमध्यें असतांना ओढून पाहिल्याचें कबूल केलें, पण धूर आंत घेतला नाहीं अशी पुस्ती जोडली. लोक कबुली विसरले, त्या पुस्तीला मात्र अजून हंसतात. बराक ओबामा यांनीं तर १९९५ सालच्या आत्मचरित्रांत ही गोष्ट स्वतःच लिहून टाकली, आणि पुढें अध्यक्षपदाच्या निवडणुकींत विरोधकांस त्यांत उकरून काढण्यासारखें फारसें कांहीं उरलें नाहीं.

हें सगळें वाचून झाल्यावर वडिलांची समजूत पटण्यास वेळ लागला नाहीं. नोकरीचें पत्र आलें तेव्हां बहिणीनें आनंदानें सत्यनारायण घातला होता; त्याचा मीं त्यांना दाखला दिला. साधुवाण्यानें नौकेंतलें द्रव्य लपविण्यासाठीं 'आंत नुसतीं वेलपानें आहेत' असें सांगितलें, आणि खरोखरच वेलपानें झालीं. येथें तर पानेंच लपवावयाचीं आहेत, मग त्यांचें काय होईल तें तुम्हीच ठरवा, असें मी म्हणतांच ते हंसले. त्यांच्या हंसण्यानें घरांतलें निम्में ओझें उतरलें.

निम्में अशासाठीं, कीं बहिणीला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. अर्ज पुरा होत आला तरी भाचा तो पाठवीना. कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "मावशी, सरकारला लिहून कळवणं सोपं आहे ग. आईला सांगणं कठीण आहे." मला वाटतें, आपल्या घरांतल्या वाढत्या मुलांचें सारें दुःख या दोन वाक्यांत आहे. परक्या देशाचा परका अधिकारी, ज्याच्या हातीं आपली नोकरी आहे, तो जवळचा वाटावा. आणि जिनें जन्म दिला तिच्यापुढें जीभ अडावी!

शेवटीं त्यानें सांगितलें. बहिणीचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेंच आला: "आणखी कोणाकोणाला ठाऊक आहे हें?" गांजा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें देवळाच्या ओवरींत चिलीम फुंकणारा गांजेकस उभा राहतो. त्या चित्रांत स्वतःचा मुलगा बसविणें कोणत्या आईला साधेल? दोन दिवस ती कामापुरतें बोलत होती. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं भाजी निवडतांना तिनें मान वर न करतां विचारलें, "त्या वेळीं तूं तिकडे फार एकटा पडला होतास कां रे?" मुलगा कांहीं बोलला नाहीं, पण तिच्या शेजारीं येऊन बसला आणि तिच्याबरोबर भाजी निवडूं लागला. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेंतलें अपयश, खोलींतला एकांत, घरीं दूरध्वनीवर रोज सांगितलेलें 'सगळें ठीक आहे', हें सारें त्या संध्याकाळीं प्रथमच त्या घरांत उच्चारलें गेलें. तिला उमगलें, कीं गांजाची गोष्ट लहान होती. जी आपल्याला कळली नाहीं, ती त्यामागची गोष्ट मोठी होती.

अर्ज गेला. कितीदां, केव्हां, कोठें, शेवटीं कधीं, हें त्यानें कांहीं कमी न करतां लिहिलें. कारण दहाचे दोन करून सांगितलेलें सत्यही पांचव्या कलमाला सत्य वाटत नाहीं. तपासणी अधिकारी आले, शेजाऱ्यांना भेटले, त्याच्या विद्यापीठांतल्या सोबत्याला भेटले. भाच्याची मुलाखत झाली. "घरीं माहीत आहे काय?" असेंही त्याला विचारण्यांत आलें, आणि "होय, आईवडिलांना दोघांनाही," असें उत्तर त्याला देतां आलें. कांहीं महिन्यांनीं निकाल अनुकूल लागला. पण तो प्रतिकूल लागता, तरी मला या लेखांत दुसरें कांहीं लिहावयाचें नव्हतें. खरें बोलणें हा कांहीं फळाची हमी असलेला मंत्र नव्हे. अलीकडेच सेवन केलेल्या मुलाला खरें सांगूनही नकार मिळतो, आणि तो मिळणें रास्तही असतें. मात्र असा नकार मिळालेला मुलगा दोन वर्षांनीं पुन्हां त्याच दारीं उभा राहूं शकतो. खोटें लिहून पकडला गेलेला कोणत्या तोंडानें जाईल?

दूरदेशीं मुलें असलेल्या आईबापांना याचा उपयोग इतकाच, कीं मुलानें चांगल्या मार्गानें चालावें हें तर आपण शिकवितोंच. पण पाय घसरला तर तें कोठें येऊन सांगावें, हें शिकविण्याचें आपल्या ध्यानांत राहत नाहीं. 'लोक काय म्हणतील' हें ज्या घरांत रोज ऐकूं येतें, तेथील मूल प्रथम लोकांपासून लपवावयास शिकतें, मग आईबापांपासून, आणि शेवटीं त्याच संवयीनें एखाद्या अर्जावर 'नाहीं' लिहून मोकळें होतें. तो अर्ज त्याच्या पुढ्यांत विसाव्या-पंचविसाव्या वर्षीं येतो. पण त्याचें उत्तर काय यावयाचें, तें पुष्कळदां दहाव्या वर्षींच, प्रगतिपुस्तकावर सही मागतांना ठरून गेलेलें असतें. त्या दिवशीं आपण पहिला प्रश्न कोणता विचारतों, एवढें प्रत्येक आईनें आठवून पाहावें.